दोन हजार मिळतात, मग काळा दिन कशाला?

"आक्का, तुमचं बरं हाय की. म्हैन्याला दोन हजार, वर यष्टी फुकट. आम्हास्नी दीडच हजार. मग एक नोव्हेंबरला काळं लुगडं नेसून बेळगावला कशाला जाता?"

माझी भावजय हे दर दिवाळीला विचारते. एक नोव्हेंबर म्हणजे कर्नाटकाचा स्थापना दिवस, आम्ही सीमेवरची मराठी माणसं तो काळा दिन म्हणून पाळतो. तिच्या मनात काही नसतं. पण हाच प्रश्न पुण्यातल्या भाच्यानं विचारला, बेळगावात भाजी घेताना शेजारी उभ्या असलेल्या कन्नड बाईंनीही विचारला. तुम्ही सगळ्यांनी विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

माझं माहेर महाराष्ट्रात कागल तालुक्यात, सासर कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात. लग्न होऊन आले तेव्हा अंतर फार वाटलं नाही. दोन्हीकडे तीच बोली, तोच तांबडा रस्सा, तीच जत्रा. फरक कळला तो कागदावर. तिकडचा सातबारा मी वाचू शकत होते, इकडचा उतारा वाचता येईना.

दोन हजारांचं आधी सांगते, कारण ते मी आनंदानं घेते. बायकांना ते देणारी कर्नाटकाची गृहलक्ष्मी योजना २०२३ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली. त्याआधी जूनमध्ये बस फुकट झाली. कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट फाडून देतो, ते मी जपून पदराला बांधते, तपासणीस आला तर दाखवायला. खानापूरच्या बाजाराला जायचं तर पूर्वी भाड्याचा हिशेब करावा लागे, आता लागत नाही. ही रेवडी आहे असं टीव्हीवर म्हणतात त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की माझ्या गॅसची टाकी त्या पैशातून येते. पण हे कुणी माझ्यावर उपकार केले असं मी मानत नाही. साखर, साबण, चप्पल, काहीही घेतलं तरी मी कर भरते. इथली रहिवासी आहे म्हणून ते माझं आहे.

आता गंमत बघा. हेच वाक्य कर्नाटक सरकार दिल्लीला ऐकवतं. ७ फेब्रुवारी २०२४ ला मुख्यमंत्री सिद्धरामय्या आपले मंत्री घेऊन जंतरमंतरवर बसले होते. 'नन्न तेरिगे, नन्न हक्कु', म्हणजे माझा कर, माझा हक्क. केंद्राच्या करातून राज्यांना जे वाटप होतं त्यात चौदाव्या वित्त आयोगानं कर्नाटकाला ४.७१३ टक्के दिले होते, पंधराव्यानं ते ३.६४७ वर आणले. शिवाय उपकर आणि अधिभार लावून केंद्र जे गोळा करतं, त्यातला वाटा राज्यांना द्यावाच लागत नाही. माझ्या माहेरच्या महाराष्ट्राचा वाटा त्याच वेळी ५.५२१ वरून ६.३१७ झाला, म्हणून तिकडे या भांडणाचा आवाज पोचला नसेल.

मला ते भांडण पटतं. बिहार, उत्तर प्रदेशाला जास्त द्यावं, त्याबद्दल तक्रार नाही. घरातही अशक्त पोराच्या ताटात एक भाकरी जास्त पडते. पण मोजमाप कसं होतं ते बघा. पंधराव्या आयोगाच्या सूत्रात ४५ टक्के वजन दरडोई उत्पन्नातल्या अंतराला होतं. राज्य जितकं श्रीमंत तितका वाटा कमी. आणि कर्नाटक श्रीमंत दिसतं ते बेंगळुरूमुळे. आमच्या कणकुंबीकडच्या डोंगरातल्या बाईचं उत्पन्न त्या सरासरीत मिसळून जातं. बेंगळुरूच्या पगारामुळे तिचा वाटा कमी होतो, आणि बेंगळुरूचा पगार काही तिला मिळत नाही.

उसाचंही तसंच. नोव्हेंबर २०२५ मध्ये आमच्याच बेळगाव जिल्ह्यात गुर्लापूरला ऊस उत्पादक शेतकरी ठाण मांडून बसले. मागणी टनाला ३५०० ची होती, शेवटी ३३०० ठरले. आमच्या दिरांचा ऊस आहे, ते रोज फोनवर तीच बातमी बघत होते. एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा किमान दर, दिल्ली ठरवते. साखरेचा किमान विक्रीदरही दिल्लीच ठरवते, किलोला ३१ रुपये, तो २०१९ मध्ये ठरला आणि आंदोलन झालं तेव्हाही तेवढाच होता. आणि शिव्या खाल्ल्या त्या बेंगळुरूच्या सरकारनं. तेव्हा मी कर्नाटकाच्या बाजूनं बोलते यात काही खोटं नाही.

मग काळा दिन कशाला? इथं मला माझीच गोष्ट सांगावी लागेल.

रेशनकार्डावर माझं आडनाव कन्नडमध्ये लिहिताना कुणीतरी 'ध' चा 'द' केला. अक्षर एकच, आणि मला वाचताच येत नाही, म्हणून वर्षानुवर्षं कळलं नाही. बँकेच्या पासबुकावर मात्र 'ध' आहे. एका महिन्यात दोन हजार आले नाहीत, पुढच्या महिन्यातही नाहीत. मध्ये कचेरीतून एक कागद आला होता. सगळा कन्नडमध्ये, खाली शिक्का. मला वाटलं लाइट बिलाचं काही असेल, मी तो बिलांच्या डब्यात ठेवला. नंतर शेजारच्या कन्नड शाळेतल्या गुरुजींना दाखवला. त्यांनी चष्मा लावून वाचला आणि मान हलवली. "वैनी, नावात फरक आहे, आधार घेऊन या असं लिहिलंय. तारीख पण दिलीय." ती तारीख होऊन बारा दिवस झाले होते.

तुम्ही म्हणाल, भाषा हा भावनेचा विषय आहे, पोटाचा बघा. माझ्या पोटाचा विषय त्या एका अक्षरात अडकला होता.

कन्नडशी माझं वैर नाही. बाजारापुरतं 'एष्टु' (किती) आणि 'बेड' (नको) मला येतं, माझी नात कन्नड कविता पाठ म्हणते तेव्हा मी टाळ्या वाजवते. पण ज्या तालुक्यात १५ टक्क्यांहून जास्त लोक दुसरी भाषा बोलतात तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, ही देशानं मान्य केलेली जुनी तरतूद आहे. खानापूर तालुक्यात तर घरोघरी मराठी. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं भाषेवर बांधली, तरी आमची मराठी गावं इकडेच आली; त्या दिवशी इकडे राज्योत्सव असतो आणि आमची माणसं काळं घालून मूक फेरीत चालतात. महाराष्ट्रानं सीमेवरची ८६५ गावं आपल्यात यावीत म्हणून २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, तो लागेल तेव्हा लागेल. तोवर आलेला कागद मला वाचता यावा, हे मागायला सीमा हलावी लागत नाही.

दिल्लीनं हिंदी लादू नये असं बेंगळुरू म्हणतं. जून २०२५ मध्ये पहिलीपासूनच्या हिंदीवरून महाराष्ट्र पेटला आणि सरकारला आदेश मागे घ्यावे लागले. दोन्ही वेळा मला बरं वाटलं. पण वरच्याकडे मागितलेलं खालच्याला देताना यांचा हात का आखडतो, हे मला कुणी सांगितलेलं नाही. माझा कर माझा हक्क, तर माझा कागद माझ्या भाषेत का नाही?

संविधानाच्या ३५० व्या कलमाप्रमाणे गाऱ्हाणं राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडता येतं. भाच्यानं हे दाखवल्यावर मी अर्ज मराठीत लिहिला. खिडकीवरच्या मुलानं दोनदा उलटसुलट करून पाहिला, साहेबांना विचारून आला, मग शिक्का मारून पोच दिली. ती पोच त्याच डब्यात ठेवली आहे, या वेळी सगळ्यात वर. उत्तर कन्नडमध्ये आलं तर गुरुजींकडे घेऊन जाईन. मराठीत आलं तर भावजयीला फोन करीन.