बाटली चढवायची का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तसं इंदुरात हे मला सारखंच कुणी ना कुणी विचारतं. जिन्यात, भाजीच्या गाडीपाशी, एकदा तर लग्नाच्या पंगतीत, वाढपी श्रीखंड घेऊन उभा असताना! "सिस्टर, यांचं खाणंपिणं सुटलंय. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा. मग निदान सलाईनची एक बाटली तरी चढवून टाका ना?"

मी घरोघरी जाऊन अशा शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटची शुश्रूषा करते. बाटली लावायची की नाही ते डॉक्टर ठरवतात. पण त्यांना विचारायचा धीर होत नाही, म्हणून प्रश्न माझ्याकडे येतो.

आधी बाटलीत असतं काय ते बघा. साध्या सलाईनच्या ५०० मिलीमध्ये साडेचार ग्रॅम मीठ आणि बाकी पाणी. ग्लुकोजची म्हणतात त्या ५ टक्केवाल्या बाटलीत २५ ग्रॅम साखर, म्हणजे १०० कॅलरीसुद्धा नाहीत. सकाळी आपण उभ्याउभ्या पोहे-जिलबी खातो त्यात याहून कितीतरी जास्त असतात. तेव्हा 'बाटलीने ताकद येईल' हे मनातून काढून टाका.

खाणं सुटलं म्हणून तब्येत ढासळली असं घरच्यांना वाटतं. असतं उलटं. शरीर आवरतं घ्यायला लागलं की भूक आधी जाते, मग तहान. किडनी मंदावलेली असते, रक्तातलं प्रोटीन उतरलेलं असतं, त्यामुळे वरून सोडलेलं पाणी शिरांत टिकत नाही. पाय सुजतात, छातीत पाणी साठतं, घशातली घरघर वाढते. अमेरिकेत ह्यूस्टनला शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सरच्या १२९ पेशंटवर झालेला एक अभ्यास २०१३ साली छापून आला. काहींना रोज एक लिटर सलाईन दिलं, काहींना फक्त १०० मिली. त्रासातही फरक पडला नाही, आयुष्यातही नाही.

म्हणून बाटली कधीच नको असं मात्र नाही. उलट्या-जुलाबांनी पाणी गेलं असेल, किंवा रक्तात कॅल्शियम वाढून माणूस भ्रमिष्टासारखा बोलत असेल, तर सलाईनने तो ताळ्यावर येऊ शकतो, आणि तेव्हा ते लावायलाच हवं. मी बोलतेय ते अगदी शेवटच्या चार दिवसांबद्दल.

आता हे सगळं मी राजेंद्रनगरातल्या एका मुलाला सांगितलं असतं तर त्याने मान डोलावली असती आणि संध्याकाळी दुसऱ्याला बोलावून बाटली लावून घेतली असती. वडील निवृत्त शिक्षक, पोटाचा कॅन्सर. मुलगा पुण्याहून रजा टाकून आलेला. शेजारच्या मावशी दारातूनच म्हणाल्या, "अगं बाई, उपाशी ठेवलंय की काय त्यांना?" तो लाल झाला. मी त्याला गच्चीवर नेलं आणि एवढंच विचारलं, "दादा, तुम्हाला भीती कसली वाटतेय?" बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "लोक म्हणतील, शहरात एवढे दवाखाने असून याने बापाला साधी बाटलीसुद्धा लावली नाही."

माझ्या अनुभवात बहुतेक घरांत बाटली हवी असते ती पेशंटला नाही. तिच्यामुळे घरच्यांना काहीतरी चालू आहे असं वाटतं. थेंब पडताना दिसतात, संपली की दुसरी आणायला धावता येतं. ही धावपळ वाईट नाही हो. ती काढून घेतली की माणसं भिंतीला टेकून बसतात, आणि ते बघवत नाही. म्हणून बाटली नको म्हणायचं तर बदल्यात हाताला काम द्यावं लागतं.

त्या मुलाच्या वडिलांना, काकांना, शिकंजी आवडायची, आपली इंदुरी, रबडीवाली. गिळता येत होतं तोवर काकूंनी त्यांना टेकून बसवून अर्धा-अर्धा चमचा दिली. घशाखाली उतरल्याशिवाय पुढचा चमचा द्यायचा नाही. दूध तोंडात चिकटतं, म्हणून मागून पुसून घ्यायचं. गिळणं थांबल्यावर तर चमचाही नको, ठसका लागून पाणी श्वासनलिकेत जातं. मग फक्त ओलं, पिळलेलं गॉज, म्हणजे जखमेवर बांधतात ते जाळीदार कापड, गालांच्या आतून, जिभेवरून फिरवायचं. ओठांना खोबरेल. हे काम मुलाने घेतलं. कोरड पडते ती तोंडाला, आणि ती याने जाते. काकूंना गंगाजळ घालायचंच होतं. नको कशाला म्हणू? ओठांवर थेंब टेकवला, वर तुळशीचं पान. घरघर सुरू झाली तेव्हा काकांना कुशीवर वळवलं, डॉक्टरांना फोन करून त्यांनी सांगितलेलं इंजेक्शन त्वचेखाली दिलं. शिरेची गरज लागली नाही.

मावशींचं उत्तर मुलानेच दिलं, "त्यांना आता पचत नाही, आम्ही तोंड ओलं ठेवतोय." त्या आत येऊन बसल्या आणि त्यांनीही एकदा गॉज फिरवलं.

तुमच्या घरी ही वेळ असेल तर भेटायला येणाऱ्यांशी बोलायला एकच माणूस नेमा, नाहीतर दहा जणांना दहा उत्तरं जातात. बाटलीचा आग्रह अगदीच सुटत नसेल तर डॉक्टरांना विचारा, एकच, सावकाश, त्वचेखालून देता येईल का. आणि श्वासाचा आवाज वाढला तर काढायची हे आधीच ठरवून घ्या. तोंडासाठी कापूस नको, त्याचे धागे दातांत अडकतात. गॉज घ्या, कुठल्याही मेडिकलवर मिळतं.