२२×२८ चा ताव आणि जांभळी शाई : आमची वाटचाल

सोलापूरच्या नव्या पेठेतील एका बोळात आमचे रबरी शिक्क्यांचे दुकान आहे. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, ते सुरू केले तेव्हा शिक्का करणे हे निम्मे छापखान्याचेच काम होते. शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरे, उचलून मजकूर उलटा वाचत जुळवायचा, चौकटीत आवळायचा, त्याचा ठसा साच्यावर घ्यायचा आणि साच्यावर कच्च्या रबराची पट्टी ठेवून ती तापलेल्या प्रेसमध्ये दाबून धरायची. गंधक मिसळलेले रबर उष्णतेने पक्के होते हे चार्ल्स गुडइयर यांना अमेरिकेत १८३९ मध्ये उमगले आणि त्या एका शोधावर आमच्यासारख्या कित्येकांच्या चुली पेटल्या. पुढे पॉलिमरचे शिक्के आले, मग लेसरचे यंत्र आले. खिळ्यांच्या केस, म्हणजे खणाखणांच्या पेट्या, मात्र अण्णांनी विकू दिल्या नाहीत, त्या अजून माळ्यावर आहेत.

आमचे ग्राहक ठरलेले होते : चादरी-टॉवेलचे कारखानदार, पतसंस्था, शाळा, डॉक्टर, वकील. शाई बहुतेकांना जांभळीच लागे. २०१५ मध्ये कंपनी कायद्यात बदल होऊन कंपनीची मोहोर ऐच्छिक झाली, तेव्हा थोडे काम घटले. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि पंधरा अंक-अक्षरांचा नवा क्रमांक प्रत्येक पेढीला शिक्क्यावर हवा झाला, तेव्हा आम्ही रात्री अकराअकरापर्यंत रबर कापत होतो. त्यानंतर मात्र पत्ता, क्रमांक आणि सहीची जागा संगणकाच्या बिलावरच छापून येऊ लागली. २०२० च्या टाळेबंदीत कार्यालयेच बंद पडली आणि शिक्का मारायला कोणी उरले नाही.

त्याच काळात थोरल्या मुलीने मोबाइल माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, “बाबा, हे बघा, आपलंच काम आहे हे.” परदेशातील कोणी बाई शुभेच्छापत्रासाठी जाड कागदावर पानाचा शिक्का उमटवत होत्या, ओल्या ठशावर पूड (एम्बॉसिंग पावडर) भुरभुरत होत्या, कागद झटकून उरलेली पूड डबीत परत घेत होत्या आणि मग गरम हवेचा झोत देत होत्या. पाहता पाहता पूड वितळली आणि पानाची प्रत्येक शीर चकचकीत होऊन कागदावर उठून आली. शिक्का नीट उमटला की नाही, एवढेच मी आयुष्यभर पाहिले होते. तो देखणाही असू शकतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसले.

पाहणे आणि करणे यांत किती अंतर असते, ते पुढच्या महिनाभरात कळले. आमच्या नेहमीच्या पॅडची शाई कागदात लगेच मुरत असे, त्यामुळे तिच्यावर पूड धरत नसे. त्यासाठी सावकाश सुकणारी, घट्ट पिगमेंट शाई लागते. केस वाळवण्याच्या यंत्राने पूड वितळण्याआधीच टेबलभर उडाली. मोबाइल दुरुस्त करणाऱ्या शेजाऱ्याची हीट गन, म्हणजे गरम हवेचा झोत सोडणारे यंत्र, आणली, तर कागदच करपला. शेवटी हस्तकलेसाठी मिळणारी, कमी झोताची छोटी गन मागवली, तेव्हा पहिले अक्षर नीट फुगले. ते दिवस मे महिन्याचे होते, बाहेर पारा ४२ च्या पुढे होता आणि पूड उडू नये म्हणून पंखा बंद ठेवावा लागत होता. त्यातही कोरड्या हवेत कागदावर स्थिर वीज साचते आणि ठसा नसलेल्या जागीही पूड चिकटते. त्यावर टाल्कम पावडरीची मलमलची पुरचुंडी आधी कागदावर हलकेच फिरवायची, हा उपाय आम्हाला एका ध्वनिचित्रफितीच्या अगदी शेवटच्या मिनिटाला सापडला. तेव्हापासून आमच्याकडे दंडक आहे की तयार कार्डाची देखणी छायाचित्रे साठवायची नाहीत. जिथे करणाऱ्याचा हात दिसतो, काम बिघडते आणि ते कसे सावरले हे दाखवलेले असते, तेच जपून ठेवायचे आणि शेवटपर्यंत पाहायचे.

दुसरी अडचण मापांची होती, आणि तिच्याबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण नव्याने या कामात येणारे बहुतेक जण इथेच कागद वाया घालवतात. अमेरिकेतील कागद ८.५×११ इंचांचा असतो. तो मध्ये कापून दुमडला की ४.२५×५.५ इंचांचे कार्ड होते आणि तिकडची सगळी मापे त्याच हिशोबाने सांगितलेली असतात. आपला ए-४ साधारण ८.२७×११.६९ इंचांचा. तिकडचे माप इकडे लावले की एका बाजूला कागद अपुरा पडतो आणि दुसऱ्या बाजूला पट्टी उरते. जाडीचेही तसेच : ते ८० पौंडी कव्हर कागद म्हणतात, तो आपला साधारण २१६ जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला २१६ ग्रॅम. आम्ही काही दिवस ही गणिते करत बसलो आणि मग सरळ आपल्या बाजारातील २२×२८ इंचांचा ताव समोर ठेवला. त्यातून ११×७ चे बरोबर आठ तुकडे निघतात, दुमडल्यावर ५.५×७ ची आठ कार्डे होतात आणि कातरण शून्य. ताव घेताना त्याचा ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, २८ इंची बाजूला समांतर आहे का, एवढे मात्र पाहून घ्यावे लागते. तसा असेल तर घडी तंतूंच्या दिशेने पडते आणि कार्ड दुमडताना कडेला तडकत नाही. पाकिटे त्या मापाची तयार मिळत नाहीत, म्हणून तीही आम्हीच करू लागलो, आणि खरे सांगायचे तर पुढे कार्डांपेक्षा पाकिटांनीच दुकान चालवले.

नमुने शोधण्याची रीतही हळूहळू बदलली. इंग्रजीत शोधले की नाताळचे झाड, बर्फ आणि मेपलची पाने यांचा पूर येतो. मुलीने एकदा जपानी अक्षरे उतरवून घेऊन ‘केशिगोमु हांको’ असे शोधले, म्हणजे खोडरबर कोरून केलेले शिक्के, तर अंगठ्याएवढे मासे, वाट्या, छत्र्या असा निराळाच संसार समोर आला. आमच्याकडे काम करणाऱ्या, शहराच्या तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागातील मुलीने तेलुगूत ‘मुग्गुलु’ असे शोधले आणि ठिपक्यांभोवती वळणे घेणाऱ्या रांगोळ्यांची रास लागली. दारातल्या रांगोळीची ती रेघ रबरावर फार सुरेख उतरते, कारण तिला सारखी जाडी असते आणि टोके कमी असतात. देवनागरीचे तसे नाही. ‘शुभेच्छा’ हा शब्द आमच्या धंद्यात सगळ्यांत जास्त खपतो आणि सगळ्यांत जास्त छळतो : अक्षर लहान केले की ‘च्छ’च्या पोटात शाई साचते आणि तिथे नुसता डाग उमटतो. आता तो शब्द आम्ही हाताने लिहून घेतो, पोकळ्या मुद्दाम मोठ्या ठेवतो आणि मगच लेसरला देतो.

या सगळ्यात एक चूकही आमच्या हातून झाली. एका लग्नाच्या आहेराच्या पाकिटांसाठी परदेशी शिक्क्याच्या चित्रावरून पानांचे वेटोळे जसेच्या तसे गिरवून आम्ही रबर केले. मुंबईच्या एका छंदी गृहस्थांनी ते ओळखले आणि आम्हाला सविस्तर पत्र लिहिले. रागावलेले नव्हते, पण वाचताना मान वर होईना. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, ही माहिती मला तोवर नव्हती. विकत घेतलेल्या शिक्क्याने हाताने केलेली कार्डे विकायला काही परदेशी कंपन्या परवानगी देतात, तिला तिकडे एंजल पॉलिसी म्हणतात. पण त्यांच्या चित्रावरून नवा शिक्का करणे ही सरळ चोरी आहे. ते रबर आम्ही कापून टाकले. आता चित्र हवे असेल तर बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या इंटरनेटवरील ग्रंथसंग्रहातील जुन्या वनस्पतिचित्रांकडे जातो, किंवा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ पासून मुक्त केलेल्या प्रतिमा पाहतो. त्या जुन्या कोरीव चित्रांत छाया रेघारेघांनी दाखवलेली असते, ती शिक्क्याला मानवते. निम्म्या रेघा कमी कराव्या लागतात, इतकेच.

शेजारच्या मामांची गाठ पडली ती मात्र मोबाइलमुळे नाही, रद्दीमुळे. आमच्या चादरी जेकार्डच्या मागावर निघतात आणि मागाला नक्षी सांगणारी भोके पाडलेली पुठ्ठ्यांची कार्डे संगणकी जेकार्ड आल्यावर भंगारात निघाली. मी त्यांचे दोन गठ्ठे किलोवर आणले होते, शुभेच्छापत्रांच्या आत चिकटवायला. मामांनी उमेदीची वर्षे ही कार्डे पंच करण्यात घालवलेली. त्यांनी एक कार्ड उजेडाकडे धरले आणि म्हणाले, “मालक, यात फूल शोधू नका. हे एका आडव्या धाग्याचं कार्ड आहे. फूल सगळी कार्डं मिळून होतं.” मग त्यांनी आलेखाचा कागद मागितला आणि चौकोन भरत भरत चादरीची जुनी किनार काढून दिली, पायऱ्यापायऱ्यांच्या कडांची. एक चौकोन एक मिलिमीटर धरून आम्ही ती रबरावर घेतली, तर पहिल्याच ठशात सगळे कोपरे स्वच्छ आले. आज आमच्याकडील सर्वांत जास्त विकला जाणारा संच या किनारींचा आहे, आणि प्रत्येक नव्या किनारीमागे मामांना ठरलेली रक्कम जाते. जुनी कार्डे आम्ही स्टेन्सिलसारखीही वापरतो. भोकांतून स्पंजने शाई टेकवली की ठिपक्यांची ओळ उमटते.

शेंगाचटणी विकणाऱ्या एका बचत गटाचे काम मात्र आम्ही आधी बिघडवले. त्यांच्या खाकी पिशव्यांवर नावाचा शिक्का मारून दिला, चटणीचे तेल दोन दिवसांत कागदातून बाहेर आले आणि शाई पसरून नाव वाचेनासे झाले. ताईंनी पिशवी आणून काउंटरवर ठेवली आणि फक्त म्हणाल्या, “वाचून दाखवा बरं.” आता त्यांना जाड कागदाचे वेगळे टॅग करून देतो, दोऱ्याने पिशवीबाहेर बांधायचे.

सध्या गड्ड्याच्या यात्रेसाठी सिद्धेश्वरांच्या सात नंदीध्वजांचा, म्हणजे मिरवणुकीतील उंच काठ्यांचा, संच चालू आहे. शिक्का अरुंद आणि उंच असल्यामुळे मारताना हात डोलतो आणि काठीचा वरचा भाग पुसट येतो, म्हणून लाकडी मुठीऐवजी पारदर्शक ॲक्रिलिकचा ठोकळा लावला आहे. सहा जमले. सातव्याची काठी दोनदा मध्येच तुटली. रेघ जाड करून तिसरे रबर आज दुपारी यंत्रावर लावले आहे.