वखराच्या पातीपासून ट्रॅपच्या दांड्यापर्यंत : आमची वाटचाल

१९९८ साली हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या गावात, रस्त्याच्या कडेला टिनाचं शेड टाकून मी वेल्डिंगचं दुकान सुरू केलं. वखराच्या पाती, डवरे, तिफणीचे फण, ट्रॉलीचे हूक. पहिली अठरा वर्षं हेच काम केलं आणि त्यावरच घर चाललं.

२०१६ च्या उन्हाळ्यात काटोलकडचे एक संत्रा बागायतदार गाडीच्या डिक्कीत मोडकं यंत्र घेऊन आले. "भाऊ, हे जमते का पाहा ना. पंधरा दिवस झाले, पोरीचा सराव बंद पडला." मुलगी शॉटगन नेमबाज. मोडलेलं यंत्र म्हणजे क्ले पिजन, म्हणजे नेम धरायच्या थाळ्या, हवेत फेकणारा ट्रॅप. मी तोवर ट्रॅप पाहिलाच नव्हता. २००४ साली अथेन्सला राज्यवर्धनसिंह राठोड यांनी डबल ट्रॅपमध्ये, म्हणजे एकाच वेळी उडणाऱ्या दोन थाळ्या फोडायच्या नेमबाजीत, रौप्यपदक जिंकलं तेव्हा पेपरात फोटो पाहिला होता, पण त्या थाळ्या कोण फेकतं, हा प्रश्न कधी डोक्यात आला नव्हता.

क्ले पिजन हे नावापुरतंच कबुतर. पूर्वी जिवंत कबुतरं सोडून नेम धरत, १८८० मध्ये अमेरिकेत मातीची थाळी निघाली आणि नाव तेच चिकटलं. आजची थाळी पिच (डांबरासारखा पदार्थ) आणि चुनखडीच्या भुकटीची असते. व्यास ११० मिलिमीटर, वजन १०५ ग्रॅमच्या आसपास.

मला वाटलं, दांडा जोडला, स्प्रिंग ताणली, की झालं. पहिली थाळी दांड्यावरच फुटली. दुसरी उडाली, पण वाऱ्यात सापडलेल्या पत्रावळीसारखी डुगडुगत वीस पावलांवर पडली. चार दिवस मी दुसरं काम हातात घेतलं नाही. मग जुना दांडा उजेडात धरून पाहिला, तर आतल्या कडेला रबराची झिजलेली पट्टी दिसली. थाळी त्या पट्टीला घासत, गरगरत बाहेर पडते. ती गिरकीच तिला हवेत सरळ ठेवते, भोवऱ्यासारखी. मी सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून चिकटवली, स्प्रिंग दोन आटे ढिली केली, आणि थाळी पहिल्यांदा सपाट निघाली. त्या दिवशी शेडमधली सगळी माणसं बाहेर येऊन बघत उभी होती.

त्यानंतर आम्ही स्वतःचा ट्रॅप बांधायला घेतला, आणि त्यातच माझ्या हातून मोठी चूक झाली. दुसऱ्याच नमुन्याच्या वेळी स्प्रिंग ताणलेली असताना खटका सुटला आणि माझ्या जुन्या कारागिराच्या मनगटाचं हाड मोडलं. दांडा फिरतो त्या घेरात हात जाऊच नये, अशी सोय मी केली नव्हती. दवाखान्याचा खर्च मी दिला, दोन महिन्यांचा पगार दिला, पण ती चूक माझीच होती. तेव्हापासून आमच्या प्रत्येक ट्रॅपला दांड्याच्या पूर्ण घेराबाहेरून लोखंडी कडं असतं, खटका अडवून धरणारी जाड सेफ्टी पिन असते, आणि खटका लांबून दोरीने ओढायचा असतो. काम संपलं की आधी स्प्रिंग उतरवायची, मगच जागा सोडायची.

म्हणून कुणी फोनवर "किती दूर फेकते?" असं विचारलं की मी आधी विचारतो, थाळी कोण लावणार? घरचा लहान मुलगा लावणार असेल तर मी हाताने ताणायचा ट्रॅप देतच नाही. त्यापेक्षा थप्पी भरून ठेवायचा, १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा ऑटोमॅटिक घ्या. तो ट्रॅक्टरच्या बॅटरीवरही चालतो, लाइन गेली तरी सराव थांबत नाही. मात्र थप्पी भरण्याआधी त्याचीही बॅटरी तोडायची आणि दांडा मोकळा करायचा, तिथेही हात तुटू शकतो. अंतराचं म्हणाल तर ऑलिम्पिक ट्रॅप या स्पर्धेतली थाळी ७६ मीटर जाते, पण शिकणाऱ्याला पन्नास मीटर भरपूर झाले. दर वेळी थाळी त्याच रेषेत निघते का, ते बघून घ्या.

आमच्या काळ्या मातीने खूप शिकवलं. पावसाळ्यात पाय रुततात, उन्हाळ्यात भेगा पडतात, आणि ट्रॅप तसूभर कलला की थाळीची रेषा बदलते. आता आम्ही खाली रुंद चौकट देतो आणि मुरूम भरून त्यावरच बसवायला सांगतो. थाळ्या टिनाखाली ठेवू नका. मे महिन्यात ऊन ४५ अंशांवर गेलं की पिच मऊ पडतं, थप्पीतल्या खालच्या थाळ्या एकमेकींना चिकटतात. आमची एक आख्खी पेटी अशी वाया गेली.

आणि ढोरं. पिचचे तुकडे जनावरांच्या पोटात गेलेले चांगले नाहीत, शिशाचे छर्रेही नाहीत. चराईच्या रानात सराव नकोच. शिवाय थाळ्यांसाठी वापरतात तो साडेसात नंबरचा बारीक छर्रा जवळपास २०० मीटर जाऊन पडतो, म्हणून समोर ३०० मीटर मोकळा, मागे टेकडी असलेला पडीक माळ लागतो. दोन-चार एकरात हे बसत नाही, आणि तसं सांगून मी गिऱ्हाईक परत पाठवलेलं आहे. रानडुकरांसाठी मिळालेला पीक संरक्षणाचा बंदूक परवाना आणि नेमबाजाचा परवाना एक नव्हे. तुमच्या परवान्यावर आणि त्या जागेवर सराव चालतो का, हे आधी पोलीस ठाण्यात लेखी विचारून घ्या. ते उत्तर हातात आल्याशिवाय आम्ही ऑर्डर घेत नाही.

आजही वर्षातले नऊ महिने आमच्याकडे वखर-डवऱ्यांचंच काम असतं. काटोलची ती मुलगी दरवर्षी दिवाळीआधी ट्रॅप घेऊन येते. स्प्रिंग नवी टाकून घेते, रबराची पट्टी स्वतः बोटाने चाचपते, आणि कडं हलवून बघितल्याशिवाय गाडीत चढवत नाही. मोडलेल्या मनगटाचा तो कारागीर अजून माझ्याकडेच आहे. तिच्या ट्रॅपचं वेल्डिंग तो दुसऱ्या कुणाला करू देत नाही.