डब्यातला माल्ट आणि काकीची नाचणी

“थंय लोक घरात दारू गाळतत काय गो?” चतुर्थीला वेंगुर्ल्यात आले, तेव्हा काकीने पहिल्याच संध्याकाळी विचारलं. माझा बियरचा छंद तिच्या कानावर गेला होता.

गाळत नाहीत. विनापरवाना गाळणं तिकडेही गुन्हाच आहे. बियर माडीसारखी नुसती आंबते, आणि स्वतःपुरती घरी करायला ब्रिटनमध्ये १९६३ पासून परवाना लागत नाही. विकायची मात्र नाही. महाराष्ट्रात दारूबंदी कायद्याखाली विनापरवाना बियर करणंसुद्धा गुन्हा ठरतो, त्यामुळे हे वाचून घरी कोणी घाट घालू नका.

मी इंग्लंडच्या सफक परगण्यात राहते. तिथल्या शेतांत बार्ली भरपूर, आणि स्टोमार्केट गावात माल्ट एक्स्ट्रॅक्टचा मोठा कारखाना आहे. बार्ली भिजवायची, मोड आणायचे, गरम हवेत वाळवायची, की झाला माल्ट. तो भरडून साधारण ६५ ते ६८ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवला की मोडांत तयार झालेली एन्झाइम्स पिठाची साखर करतात. ते गोड पाणी आटवून काकवीसारखा दाट पाक केला, की तो एक्स्ट्रॅक्ट. पूर्ण सुकवून पावडरही मिळते. बोर्नव्हिटाला जी चव असते ना, ती याच माल्टची.

घरी बियर करणाऱ्यांत एक्स्ट्रॅक्ट वापरणाऱ्याला कच्चा समजणारे असतात. मला ते अजिबात पटत नाही. तासभर तापमान सांभाळण्याचं काम कारखान्याने केलेलं असतं, पण बियर बिघडते ती बहुतेक वेळा त्यानंतर: अस्वच्छ भांड्यात, नाहीतर यीस्टला उष्मा झाल्यावर. नवख्याने आपलं सगळं लक्ष तिथेच द्यावं.

वीस लिटरला अडीच किलो पावडर घेतली तर साडेचार टक्क्यांच्या आसपासची बियर होते. पाक वापरायचा तर तीन किलो, कारण त्यात पाचवा हिस्सा पाणीच असतं. पातेलं आचेवरून उतरवूनच पाक ढवळावा, नाहीतर तो तळाला बसून करपतो. मग हॉप्स, म्हणजे एका वेलीची सुकवलेली फुलं, घालून तासभर उकळायचं. कडवटपणा तिथून येतो. फिकट बियर हवी असेल तर निम्मा पाक उकळीच्या शेवटी घालावा. जुन्या डब्यातला पाक आपोआप काळपट होतो, म्हणून तारीख बघूनच घ्यावा. पावडर वाफेवर धरली की लगेच गोळे होतात. वेंगुर्ल्याच्या पावसाळी हवेत तर उघड्या पाकिटाचा दगडच होईल.

उकळलेलं पाणी झटपट थंड करून यीस्ट टाकायचं आणि एल जातीची बियर असेल तर १८ ते २० अंशांत आंबू द्यायचं. सफकच्या घरात ते सहज जमतं. इथल्या तीस अंशांत त्याच यीस्टने उग्र, डोकं चढवणारा वास दिला असता.

काकी शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, “मोड काढून वाळवूचा? मगे आमची नाचणी काय वेगळी?”

काहीच वेगळी नाही. मोड आणून, वाळवून दळलेली नाचणी हा माल्टच. इतक्या वर्षांत मला हे सुचलं नव्हतं याचं नवल वाटतं, कारण बाळांसाठी ते पीठ आमच्याकडे कायम होत आलंय. त्याची पेज साध्या पिठापेक्षा पातळ होते, म्हणून त्याच वाटीत जास्त पीठ मावतं आणि बाळाच्या पोटात अन्न जास्त जातं. मोडांतली तीच एन्झाइम्स इथेही काम करतात.

कायद्याला धक्का न लावता हे कोणालाही बघता येईल. साध्या नाचणीची घट्ट पेज शिजवा, खाली उतरवा, वाफ जरा कमी झाली की मोडाच्या पिठाचा एक चमचा घालून ढवळा. थोड्याच वेळात ती सैल होते. पीठ मात्र न भाजलेल्या नाचणीचं हवं, कारण कडक भाजणीत एन्झाइम्स मरतात. पातळ झालेली पेज पुन्हा उकळूनच बाळाला द्या.