वजाबाकीतून मोजलेले मृत्यू

२०११ च्या जनगणनेत मी प्रगणक होतो. घरोघर जाऊन भरायच्या त्या तक्त्यात हयात असलेल्या प्रत्येकासाठी एक ओळ होती. गेलेल्यांसाठी कुठेच जागा नव्हती. विवाहित स्त्रियांना विचारायचे दोन प्रश्न तेवढे अपवाद होते: आजवर जन्मलेली मुले किती आणि हयात मुले किती. एका आजींनी पहिल्या प्रश्नाला ‘सात’ आणि दुसऱ्याला, थोडे थांबून, ‘चार’ असे उत्तर दिले. ती तीन मुले माझ्या कागदावर दोन चौकटींमधील फरक म्हणून राहिली. दुसऱ्या महायुद्धातील सोव्हिएत मृतांविषयी वाचताना मला त्या चौकटी पुन्हा आठवल्या, कारण तिथला सर्वांत भरवशाचा आकडाही अशाच वजाबाकीतून निघाला आहे.

मार्च १९४६ मध्ये स्टालिनने मृतांची संख्या सुमारे ७० लाख सांगितली. १९६१ मध्ये ख्रुश्चेव्हने २ कोटींचा उल्लेख केला आणि मे १९९० मध्ये गोर्बाचेव्हने जवळजवळ २ कोटी ७० लाख हा आकडा मांडला. मृत तेच होते. बदलत गेली ती राज्यकर्त्यांची कबुली.

१९९० च्या सुमारास आंद्रेयेव्ह, दार्स्की आणि खारकोवा या लोकसंख्याशास्त्रज्ञांनी केलेला हिशोब असा आहे. जून १९४१ मध्ये सोव्हिएत संघाची लोकसंख्या १९ कोटी ६७ लाख होती आणि त्यांपैकी १९४५ च्या अखेरीस १५ कोटी ९५ लाख लोक उरले होते. फरक ३ कोटी ७२ लाखांचा. युद्ध झाले नसते तरी १९४० च्या मृत्युदराने या काळात १ कोटी १९ लाख लोक गेलेच असते, म्हणून ते वजा केले. युद्धकाळात जन्मून नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात दगावलेली १३ लाख बालके मिळवली आणि २ कोटी ६६ लाख हा आकडा आला. या हिशोबाचा पायाच डळमळीत होता, हे मात्र विसरता येत नाही. १९३७ च्या जनगणनेत लोकसंख्या अपेक्षेपेक्षा कमी भरली म्हणून ती दडपण्यात आली आणि ती करणाऱ्यांना अटक झाली, काहींना गोळ्या घालण्यात आल्या. जून १९४१ ची लोकसंख्या जिच्यावरून काढली, ती १९३९ ची जनगणना त्या दहशतीच्या सावटाखाली झाली. माणसे मोजल्याबद्दल मोजणाऱ्याचा जीव जावा, हे वाचून मी बराच वेळ पुढचे पान उलटू शकलो नाही.

सैनिकांचे मृत्यू कागदांवरून मोजता येतात, असे आपण गृहीत धरतो. रशियन लष्करी इतिहासकार क्रिवोशेयेव्ह यांच्या गटाने १९९३ मध्ये लष्करी दप्तरांवरून ८६,६८,४०० हा आकडा प्रसिद्ध केला. शेवटच्या शेकड्यापर्यंत दिलेली ही संख्या निर्विवाद वाटते, परंतु १९४१ च्या उन्हाळ्यात संपूर्ण तुकड्या त्यांच्या कागदपत्रांसह वेढ्यात सापडल्या होत्या. सैनिकाजवळ एबोनाइटची (कडक काळ्या रबराची) लहानशी डबी असे, तिच्यात नाव-गाव लिहिलेली चिठ्ठी ठेवायची. अनेकांनी अपशकुन नको म्हणून ती कोरीच ठेवली, आणि नोव्हेंबर १९४२ मध्ये तर ती पद्धतच बंद झाली. आजही रशियातील जंगलांत शोधपथकांना अशा डब्या मिळतात. शिवाय भरतीचा हुकूम मिळून निघालेले, पण पलटणीत नाव लागण्याआधीच शत्रूच्या हाती पडलेले सुमारे ५ लाख लोक क्रिवोशेयेव्ह यांच्या लष्करी हानीत धरलेले नाहीत. त्यांना सैनिक म्हणायचे की नागरिक? माझ्या मते ज्याला राज्याने लढायला बोलावले त्याला सैनिकांतच धरायला हवे; पण एका बाजूला ५ लाख वाढवले की दुसऱ्या बाजूचे तितकेच कमी होतात, कारण नागरिकांचा आकडा हा एकूण हानीतून सैनिक वजा करून उरलेला आकडा असतो.

जर्मन सैन्याने लेनिनग्राडला (आजचे सेंट पीटर्सबर्ग) घातलेल्या वेढ्यातील मृतांची संख्या नाझी नेत्यांवरील न्यूरेंबर्गच्या खटल्यात सुमारे ६ लाख ३२ हजार सांगितली गेली. नंतरच्या अभ्यासकांनी ती ८ ते १० लाखांपर्यंत नेली. तिथल्या पिस्कार्योव्ह दफनभूमीत सामूहिक कबरींच्या लांबच लांब चौथऱ्यांवर एकही नाव नाही. ग्रॅनाइटच्या शिळेवर फक्त वर्ष असते, बहुतेक ठिकाणी १९४२, आणि त्यासोबत एक खूण: खाली सैनिक असतील तर तारा, नागरिक असतील तर विळा-हातोडा.

याच महायुद्धात ब्रिटिश भारतीय सैन्याचे सुमारे ८७ हजार जवान गेले आणि त्यांची नावे कोरलेली आहेत. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले रायगडचे नाईक यशवंत घाडगे यांची कबर सापडत नाही, पण इटलीत कासिनोच्या स्मारकावर त्यांचे नाव आहे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळातील मृतांना मात्र युद्धाच्या कित्येक तक्त्यांत जागा मिळत नाही. बर्मा जपानच्या हाती गेल्यावर तिथला तांदूळ बंद झाला, शत्रूच्या उपयोगी पडतील म्हणून सरकारने किनारपट्टीवरच्या नावा काढून घेतल्या आणि युद्धखर्चाने भाव भडकले. हे मृत्यू युद्धाचेच आहेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. चौकशी आयोगाने त्यांची संख्या सुमारे १५ लाख धरली, नंतरच्या अभ्यासकांनी २१ लाखांपासून ३० लाखांपर्यंत. हा फरक इतका मोठा असण्याचे एक कारण असे की बंगालमध्ये जन्म-मृत्यूची वर्दी गावचा चौकीदार देत असे, आणि त्या वर्षी कितीतरी गावांत चौकीदार स्वतःच मेले किंवा अन्नाच्या शोधात गाव सोडून गेले.