कॉमन रेल आणि कॅनमधलं डिझेल

जुने डिझेल पंप थोडाफार कचरा पचवायचे. १९९७ साली अल्फा रोमिओ १५६ या कारमध्ये कॉमन रेल आली, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या सगळ्या इंजेक्टरना जबर दाबाचं डिझेल पुरवणारी एकच सामाईक नळी, आणि ती सवलत संपली. पहिल्याच पिढीत दाब १३५० बार, इंजेक्टरमधल्या फटी मायक्रॉनच्या.

बीड-जालन्याकडं शेतातल्या कॅनमधलं डिझेल कारमध्ये ओततात, तिथंच घात होतो. तळाला पाणी साचलेलं असतं. पाण्याला वंगण नाही. पंप घासतो, त्याचा चुरा रेलमधून इंजेक्टरमध्ये शिरतो. मग नुसता इंजेक्टर बदलून भागत नाही, पाइपांपासून टाकीपर्यंत सगळं धुवावं लागतं.

इंजिन बंद करून डिझेल फिल्टरच्या बुडाचा स्क्रू ढिला करा, पाणी काचेच्या बाटलीत घ्या. निव्वळ डिझेल आलं की आवळा. जुन्या सवयीनं चालू इंजिनवर इंजेक्टरचा नट मात्र कधीच सोडू नका. डिझेलची ती धार कातडीत घुसते.