कवटीच्या तळाची दुरुस्ती, नाकाच्या वाटेने

दुचाकीच्या अपघातानंतर डोळ्यांभोवतीची काळीनिळी सूज ओसरू लागली, तेव्हा माझ्या उजव्या नाकपुडीतून पाणी गळत असल्याचे ध्यानात आले. घरातल्यांना ती सर्दी वाटली. परंतु शेंबडाने रुमाल वाळल्यावर कडक होतो, तसा हा होत नव्हता, वाकलो की थेंब पडत आणि पाणी घशात उतरले की खारट लागे.

कान-नाक-घसा तज्ज्ञांनी ते पाणी बाटलीत धरायला सांगून बीटा-२ ट्रान्सफेरिन या प्रथिनाच्या तपासणीला पाठवले. हे प्रथिन नाकातल्या साध्या स्रावात नसते. माझ्या पाण्यात ते होते, म्हणजे गळत होते ते मेंदूभोवतीचे पाणी. सीटी स्कॅनमध्ये नाकाच्या छतावरचे, वासाचे तंतू ज्यातून खाली उतरतात ते चाळणीसारखे हाड तडकलेले दिसले. ज्या फटीतून पाणी खाली येते तिच्यातूनच जंतू वर जाऊन मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते, हे ऐकल्यावर मात्र सर्दीची चर्चा थांबली.

अपघाताने झालेली अशी गळती पुष्कळदा आपोआप बंद होते, म्हणून आधी उशाची बाजू उंच करून पडून राहायचे आणि शौचाला जोर लागू नये म्हणून औषध घ्यायचे, एवढेच ठरले. गळती काही थांबली नाही. शरीर रोज सुमारे अर्धा लिटर हे पाणी नव्याने तयार करते, तेव्हा ते संपण्याची वाट पाहण्यात अर्थ नव्हता.

पूर्वी यासाठी कपाळाकडून कवटी उघडून मेंदू उचलावा लागे, आणि त्यात उरलासुरला वासही जाण्याचा धोका असे. आता दुर्बीण नाकातून घालतात. भूल दिल्यावर कमरेतून, पाठीच्या कण्यात उतरणाऱ्या याच पाण्यात फ्लुओरेसीन हे रंगद्रव्य अगदी सौम्य करून सोडले, त्यामुळे छिद्रातून येणारे पाणी हिरवट-पिवळे दिसले आणि नेमकी जागा सापडली. मांडीतल्या स्नायूवरचा चिवट पापुद्रा काढून तो तिथे बसवला, त्यावर नाकातल्याच अस्तराचा तुकडा आणि फायब्रिन ग्लू (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचा गोंद) लावला. छिद्र मोठे असते, तर नाकाच्या मधल्या पडद्याचे अस्तर रक्तवाहिनीसकट फिरवून त्यावर घातले असते. २००६ साली अर्जेंटिनातील हदाद आणि बासागास्तेगी यांनी मांडलेल्या त्या पद्धतीची माझ्यावर गरज पडली नाही. शुद्धीवर आल्यावर नाकापेक्षा मांडीच जास्त दुखत होती.

खरी कसोटी घरी आल्यावर लागली, कारण डोक्यातला दाब वाढवणारी कोणतीही गोष्ट नव्या ठिगळाला हलवू शकते. नाक शिंकरायचे नाही, वजन उचलायचे नाही, खाली वाकायचे नाही, आणि शिंक आलीच तर ती दाबून न धरता तोंड उघडून द्यायची. मिरचीची फोडणी पडणार असली की आई आधी मला गच्चीवर पाठवून देई. नाकात धरलेल्या खपल्या डॉक्टर दुर्बिणीतून अधूनमधून साफ करीत, बाकी काम मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्याचे.

पुढे एका तपासणीत त्यांनी मला वाकायला आणि श्वास रोखून जोर द्यायला लावले. नाक कोरडे राहिले. अपघातात गेलेला वास मात्र अर्धवटच परतला आहे, म्हणून स्वयंपाकघरात गॅसगळतीचा अलार्म बसवून घेतला.